तांदळाच्या गोणीवरचं स्टेन्सिल फसलं आणि मला जावजी दादाजी भेटले

आजचा लेख फॉन्टबद्दल आहे. पण सुरुवात मोबाईलपासून नाही, तांदळाच्या गोणीपासून करतो.

माझं गाव हिर्डोशी, तालुका भोर. भोरहून वरंध घाटाकडे निघालं की नीरा-देवघर धरणाचं पाणी दिसायला लागतं, त्याच अंगाला आमची भातखाचरं आहेत. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि सुगीला सुट्टी काढून घरी जातो. दोन वर्षांपूर्वी आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, मला एक सोपं काम सांगितलं. इंद्रायणी आणि आंबेमोहोर दोन्ही एकाच व्यापाऱ्याकडे जाणार होते, गोण्या दिसायला सारख्याच होत्या, तर प्रत्येक गोणीवर तांदळाचं नाव टाकायचं.

मी म्हटलं, हे तर माझंच काम. फोनवर एक फुकटचा जाड मराठी फॉन्ट उतरवला, चार इंच उंचीची अक्षरं छापून आणली, घरातल्या जुन्या एक्स-रे फिल्मवर चिकटवली आणि कटरने कापायला बसलो. आंबेमोहोर मधला म कापून झाला, तसा त्याच्या दोन उभ्या रेघांमधला तुकडा टपकन हातात आला. ब च्या पोटाचंही तेच झालं. वाचता येईल की, असं मनाशी म्हणत मी काळा रंग मारून टाकला. गोणीवर म आणि ब च्या जागी नुसते काळे ठोकळे उमटले.

व्यापाऱ्याच्या माणसाला नाव लागलं नाही. आंबेमोहोराच्या दोन गोण्या इंद्रायणीच्या भावात गेल्या. आबा रागावले नाहीत. पुढच्या वेळी खडूने लिहू, एवढंच म्हणाले. इंजिनिअर नातवाला ते चांगलंच लागलं!

मग मी शोधायला बसलो की देवनागरी अक्षर धातूत कापायचं असेल तर जुने लोक काय करत. त्या शोधात एक माणूस भेटला, जावजी दादाजी चौधरी. त्यांनी स्टेन्सिल बनवल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. ते छापखान्याचे टाइप बनवत. पण माझी गोणी जिथे फसली, नेमक्या त्याच प्रश्नावर या माणसाचं आयुष्य गेलं.

आधी स्टेन्सिलचं गणित समजून घेऊ

स्टेन्सिल म्हणजे भोक पाडलेला पत्रा किंवा फिल्म. भोकातून रंग खाली जातो, बाकी पत्रा रंग अडवतो. अक्षराच्या आत बंद जागा असेल, तर तेवढा तुकडा कशालाच धरलेला राहत नाही आणि गळून पडतो. म्हणून स्टेन्सिलच्या अक्षरात मुद्दाम बारीक पट्ट्या ठेवतात, ज्या आतला तुकडा बाहेरच्या पत्र्याला बांधून ठेवतात. त्यांना आपण पूल म्हणू. लाकडी खोकी, गोण्या, पिंपं यांवर जी तुटक तुटक जाड अक्षरं दिसतात, ती तशी असतात ती या पुलांमुळे. अक्षर जाड ठेवतात कारण रंग खडबडीत जागेवर मारायचा असतो आणि लांबून वाचायचा असतो. बारीक अक्षरात पूल सोडला तर उरतं काय?

ही तुटकी अक्षरं लोकांना इतकी आवडली की १९३७ साली अमेरिकेत स्टेन्सिल याच नावाचे दोन वेगवेगळे टाइप बाजारात आले. एक आर. हंटर मिडलटन यांनी लडलो कंपनीसाठी केला, दुसरा गेरी पॉवेल यांनी अमेरिकन टाइप फाउंडर्ससाठी. दोन्हींत फक्त मोठी रोमन अक्षरं होती. गंमत म्हणजे हे छापायचे टाइप होते, त्यांना पुलांची गरजच नव्हती. पूल फक्त दिसण्यापुरते उरले होते.

रोमन लिपीत ओ, ए, बी अशी थोडी अक्षरं बंद पोटाची आहेत. आपल्याकडे व आणि ब तर आहेतच, शिवाय शिरोरेघ आहे. प, म, य यांच्या वरचं तोंड ती रेघच बंद करते. ळ मध्ये तर दोन पोटं! आणि शिरोरेघ सलग कापली तर पत्र्यात एक लांब चीर पडते, खालची अक्षरं लोंबायला लागतात आणि फिल्म फाटते. थोडक्यात, स्टेन्सिलमध्ये शिरोरेघ तोडावीच लागते. हे लक्षात ठेवा, कारण जावजींना याच्या बरोबर उलटं करायचं होतं.

दोन रुपये पगार, काम खिळे घासण्याचं

जावजींचा जन्म १८३९ सालचा, गरीब घरातला. शाळेत रमायची चैन नव्हती. साधारण दहाव्या वर्षी ते मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. पगार महिना दोन रुपये. काम होतं टाइप घासायचं.

छापखान्यातल्या धातूच्या अक्षराला मराठीत खिळा म्हणत आणि खिळे ओळीत लावणाऱ्याला जुळारी. शिसं, अँटिमनी आणि कथील यांचं वितळलेलं मिश्रण साच्यात ओतून खिळा बनतो. साच्यातून बाहेर आलेल्या खिळ्याच्या कडेला धातूचा चुरा, ओघळ राहतात. ते दगडावर घासून काढायचे. ऐकायला हलकं काम आहे, पण विचार करा. इंग्लंड-अमेरिकेकडच्या टाइपाची उंची ०.९१८ इंच, म्हणजे साधारण २३.३ मिलिमीटर. एक खिळा किंचित उंच राहिला तर तो कागदात रुततो, किंचित बुटका झाला तर छापतच नाही. बाजू जास्त घासली तर ओळ सैल, कमी घासली तर शेजारच्या अक्षराशी फट.

आणि देवनागरीत फट लगेच दिसते. इंग्रजीत दोन अक्षरांमध्ये जागा असतेच. आपल्याकडे प्रत्येक खिळ्यावर शिरोरेघेचा छोटा तुकडा असतो आणि शेजारी शेजारी ठेवल्यावर ते सगळे तुकडे मिळून एक सलग रेघ दिसली पाहिजे. दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या बोटांना ही बाब रोज दिवसभर शिकवली जात होती. मला कॉलेजात टॉलरन्स हा शब्द शिकवला, उदाहरणं सोडवली, मार्क मिळाले. तो मुलगा तो शब्द न ऐकता तीच गोष्ट शिकला.

त्या छापखान्यात थॉमस ग्रॅहम नावाचा टाइप बनवण्यात मुरलेला माणूस होता. मराठी टाइप लहान आणि नेटका करण्यात त्याचा मोठा वाटा. त्याच्या आधी आणि त्याच्या काळातही बरंचसं मराठी छापकाम शिळेवर होत असे, म्हणजे दगडावर मजकूर लिहून त्याचा छाप घ्यायचा. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली छापलेलं पंचांग असंच शिळेवरचं. हातानं लिहिल्यासारखी अक्षरं मिळायची, पण पान बदललं की पुन्हा सगळं लिहा. खिळ्यांचा फायदा असा की छापून झालं की तेच खिळे सुटे करून पुढचं पान जुळवता येतं. आपल्या भाषेत सांगायचं तर शिळाप्रेस म्हणजे स्क्रीनशॉट आणि खिळे म्हणजे एडिट करता येणारा मजकूर.

नोकऱ्या बदलल्या, हात बसत गेला

मिशनच्या छापखान्यानंतर जावजींनी टाइम्स ऑफ इंडिया आणि मग इंदुप्रकाश यांच्या छापखान्यांत काम केलं. इंदुप्रकाश १८६२ साली सुरू झालेलं मराठी-इंग्रजी पत्र, त्या काळच्या सुधारकांचं. म्हणजे पंचविशीत पोचेपर्यंत या माणसाने मुंबईतले वेगवेगळे छापखाने आतून पाहिले होते.

१८६४ साली त्यांनी स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला. ते साल समजून घ्या. अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तिकडचा कापूस बंद झाला होता, त्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव होता आणि शहरात शेअरचं वेड लागलं होतं. पुढच्याच वर्षी युद्ध संपलं, भाव कोसळले, मोठमोठे लोक बुडाले. दोन रुपयांपासून वर आलेल्या पंचविशीतल्या माणसाचा नवा धंदा त्या वादळात टिकला. का टिकला याचं एक उत्तर त्यांच्या मालातच आहे, ते म्हणजे अक्षर सुंदर होतं आणि खिळा नीट होता.

ते अक्षर एकट्या जावजींचं नाही. त्यांच्यासोबत राणोजी रावजी आरू नावाचे कारागीर होते. अक्षराचा मूळ ठसा, म्हणजे पंच, कापण्यात त्यांचा हात विलक्षण. निर्णयसागरच्या टाइपाचं नाव निघालं की राणोजींचं नावही घ्यायला हवं. आपल्या क्षेत्रात ॲपवर कंपनीचं नाव असतं आणि कोड लिहिणारा आत राहतो, तसंच हे.

पंच कसा कापत?

हा भाग मला सगळ्यात आवडला, कारण माझ्या गोणीचं उत्तर इथे सापडलं.

पोलादाची बोटाएवढी कांडी घ्यायची. तिच्या टोकावर अक्षर उलटं, आरशात दिसतं तसं, उठवायचं. आता म च्या मधली खिडकी किंवा व चं पोट एवढ्याशा जागेत कोरून कसं काढणार? म्हणून आधी फक्त त्या पोकळीच्या आकाराचा एक वेगळा ठसा करतात, काउंटरपंच. तो पंचाच्या टोकात ठोकला की पोट तयार होतं. मग कानशीने बाहेरची बाजू घासत घासत अक्षर उरवायचं. म्हणजे आधी पांढरं, मग काळं! मी गोणीसाठी फक्त काळ्याचा विचार केला होता. आतलं पांढरं आपोआप जागेवर राहील असं धरून चाललो होतो.

अक्षर बरोबर आलं का हे बघायला पंच दिव्याच्या काजळीत धरून कागदावर टेकवतात. उमटलेला छाप पाहायचा, पुन्हा घासायचं, पुन्हा काजळी. मनासारखं झालं की पोलाद तापवून कडक करायचं आणि तांब्याच्या तुकड्यात ठोकायचं. तांब्यात जो खळगा पडतो, त्यावरून हवे तितके खिळे ओतता येतात. एक चूक पंचात राहिली, तर ती पुढे प्रत्येक खिळ्यात आणि प्रत्येक पानावर येणार. अपडेट पाठवायची सोय नाही.

शिवाय प्रत्येक आकारासाठी हे सगळं नव्याने. आपण दोन बोटांनी स्क्रीन ताणतो आणि अक्षर मोठं होतं. त्यांना लहान टाइपासाठी अक्षराचं पोट जरा मोकळं ठेवावं लागे, नाहीतर शाई भरून म चा ठोकळा होणार. हो, माझ्या गोणीवर झाला तसाच.

आणि किती खिळे? युनिकोडमध्ये देवनागरीच्या मुख्य गटात १२८ जागा आहेत. पण छापायला बाराखडी, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, रफार, उकार असं सगळं धरून शेकडो खिळे लागतात. काही टाइपांत मात्रा वेगळ्या खिळ्याने अक्षराच्या डोक्यावर बसवत, काहींत मात्रेसकट अक्षर अखंड ओतत. पहिल्या पद्धतीत जुळाऱ्याचं डोकं फिरतं, दुसऱ्या पद्धतीत खिळ्यांची संख्या वाढते. आज हा हिशोब बऱ्याच फोनमध्ये हार्फबझ नावाचं सॉफ्टवेअर करतं. तुम्ही कार्त्स्न्य असा शब्द टाइप केलात तर र, त, स, न, य यांची जोडणी ते क्षणात करतं. निर्णयसागरमध्ये ती जुळारी हाताने करत.

निर्णयसागर

१८६९ साली जावजींनी निर्णयसागर छापखाना सुरू केला. काळबादेवीच्या कोलभाट गल्लीचा पत्ता पुढे देशभरच्या ग्रंथालयांतल्या पुस्तकांवर पोचला. निर्णयसागर पंचांग घराघरांत गेलं. १८८१ पासून विनायक कोंडदेव ओक यांचं मुलांसाठीचं बालबोध मासिक तिथून निघू लागलं. १८८६ साली काव्यमाला सुरू झाली, जुनी संस्कृत काव्यं शोधून, तपासून, क्रमाने छापणारी मालिका. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब हे तिचे संपादक.

संस्कृत छापणं म्हणजे टाइपाची खरी परीक्षा. जोडाक्षरं लांबच लांब, आणि एक काना चुकला तर अर्थ बदलतो. जावजींनी दोन गोष्टींवर भर दिला. टाइप स्वच्छ हवा आणि मुद्रितं जाणकार शास्त्र्यांनी तपासलेली हवीत. त्यामुळे निर्णयसागरची प्रत म्हटली की अभ्यासक निश्चिंत असत, इथलेही आणि युरोपातलेही. ज्याला स्वतःला फारसं शिकता आलं नाही, त्याच्या छापखान्यातल्या पुस्तकांवर पंडित विसंबून राहू लागले. हे सगळं खिळे घासण्यापासून सुरू झालं होतं.

टाइप नुसता स्वतःपुरता ठेवला नाही, विकलाही. निर्णयसागरचं वळण इतर छापखान्यांत पसरलं आणि पुस्तकातलं मराठी अक्षर कसं दिसावं याची एक सवय लोकांच्या डोळ्यांना लागली. ५ एप्रिल १८९२ रोजी जावजी गेले. वय त्रेपन्नच्या आसपास. पुढे मुलगा तुकाराम जावजी आणि नंतर पांडुरंग जावजी यांची नावं निर्णयसागरच्या पुस्तकांवर दिसत राहिली.

मग आपण काय चुकतो?

मी एकदा ऑफिसात एका ॲपच्या शीर्षकाला लेटर-स्पेसिंग दोन पिक्सेल दिलं होतं. इंग्रजीत झकास दिसत होतं. मराठीत प्रत्येक अक्षर सुटं झालं आणि शिरोरेघेचे तुकडे पडले. तेव्हा मी ते चालवून घेतलं होतं. आता ते आठवलं की वाईट वाटतं. ज्या फटीसाठी एक लहान मुलगा दिवसभर दगडावर खिळे घासत होता, ती फट मी एका ओळीच्या कोडने परत आणली, तीही काही गरज नसताना.

पण स्टेन्सिलमध्ये तीच रेघ तोडणं बरोबर आहे, कारण तिथे पत्र्याची गरज आहे. मला या सगळ्यातून हे कळलं की रेघ जोडायची की तोडायची हे अक्षर कशातून बनतंय त्यावर ठरतं. पोलाद, शिसं, फिल्म, पिक्सेल, प्रत्येकाची अडचण वेगळी. फुकट उतरवलेला फॉन्ट स्क्रीनसाठी होता. दोष फॉन्टचा नव्हता, माझ्या न बघण्याचा होता.

तुम्हाला गोणी, कॅन किंवा मंडळाच्या बॅनरसाठी मराठी स्टेन्सिल कापायचं असेल तर एवढं करा:

१. आधी शब्दातली बंद पोटं मोजा. ब, व, प, म, य, ळ यांवर खास लक्ष ठेवा.

२. म, प, य यांना शिरोरेघेतूनच पूल द्या. रेघ तिथे तोडली की आतला तुकडा वरच्या फिल्मला धरून राहतो.

३. ब ची तिरकी रेघ मधोमध तोडा आणि पोटाला डावीकडून एक रुंद पूल ठेवा.

४. शिरोरेघ पूर्ण शब्दभर सलग कापू नका. दर अक्षराला एक तोड हवीच.

५. रंग मारण्याआधी एकदा कागदावर छाप घ्या आणि पाच पावलं मागे जाऊन वाचा. जुने कारागीर काजळीत पंच धरून हेच करत.

मागच्या सुगीला मी नवीन फिल्म कापली. तीन छाप कागदावर वाया घालवले, दोनदा पूल रुंद केले. मग गोण्या ओटीवर उभ्या करून रंग मारला. आबा अंगणाच्या पलीकडे होते, चष्मा घरात. त्यांनी तिथूनच डोळे बारीक करून आंबेमोहोर वाचलं, मग शेजारच्या गोणीवरचं इंद्रायणी वाचलं, आणि खडू परत कोनाड्यात ठेवून दिला.

त्या वर्षी आंबेमोहोर आंबेमोहोराच्या भावात गेला.